थोरलीच्या खांद्यावरची धाकटी

आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते 'नमस्कार'च्या जागीच वाटतं. बिघडलेलं काही नसतं. बिघडलेला असतो तो माणसाचा धीर.

आमची कंपनी वर्णपटावर वक्र बसवून देणारं सॉफ्टवेअर विकते आणि ज्यांचा वक्र बसत नाही त्यांची समजूत काढायला मला ठेवलंय. म्हटलं तर प्रकरण सोपं आहे. एखाद्या पदार्थावर लेझरचा उजेड टाकला की त्यातला अगदी थोडा उजेड रंग बदलून परत येतो. यंत्र तो मोजतं आणि पडद्यावर डोंगररांगेसारखी एक रेघ उमटते. त्यातलं एकेक शिखर म्हणजे पदार्थाच्या आतल्या कशाची तरी खूण. शिखर नेमकं कुठे आहे, किती उंच, किती रुंद, हे काढायचं तर त्याच्यावर गणितातला वक्र चपखल बसवावा लागतो. बसला की माणूस खूश, नाही बसला की मला फोन.

माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. माझ्या जागी बसून बघा म्हणावं. समोरचा माणूस एका टेकाडात पाच शिखरं कोंबतो आणि वर विचारतो, उत्तर दर वेळी वेगळं का येतं? अरे बाबा, मोजलंस मूठभर आणि मागतोस पोतंभर! अर्थात असं मी लिहीत नाही. मी लिहिते, 'कृपया शिखरांची संख्या कमी करून पाहावी.' आणि मग उठून पाणी पिऊन येते.

त्या दिवशी मात्र तक्रार आली ती ताईकडून.

"तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय," ताई फोनवर म्हणाली.

"तू भूगोलाची मास्तरीण. तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत. पण माणूस कळतो ना. हे जेवताना ताटाकडे बघत नाहीत गं. विचारलं की म्हणतात, धाकटी येत नाहीये."

धाकटी म्हणजे मी नव्हे. म्हणजे, मुळात मीच. ताईचं लग्न झालं तेव्हा भावोजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नुकते लागले होते. एका स्फटिकावर त्यांचं काम चालायचं. त्याच्या वर्णपटात एक मोठं, भारदस्त शिखर सगळ्यांना माहीत होतं. भावोजींना त्याच्या उताराला चिकटून एक बारीकसं टोक दिसलं. कोणी न बघितलेलं. त्या आनंदात ते घरी आले, आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात होतो, आणि त्यांनी तिथेच जाहीर केलं, मोठं शिखर थोरली आणि तिच्या खांद्याला लोंबकळणारी ती धाकटी. पुढे तर त्यांना आणखीच जोर चढला. स्फटिक तापवला की सगळी शिखरं थोडी थोडी सरकतात, हे कुठल्याही पदार्थाचं आहे. धाकटी मात्र ढिम्म. कितीही तापवा, जागची हलत नाही. "मेहुणीबाईंवरच गेलीये," भावोजी म्हणायचे. "तापली तरी हट्ट सोडत नाही!" मी चिडायचे, त्यांना तेच हवं असायचं.

हा हट्ट म्हणजेच त्यांचा शोध होता. त्यावर त्यांनी लेख लिहिले, त्यावर त्यांचं नाव झालं. फार मोठं नाही, पण त्या विषयातली माणसं ओळखतील इतकं. नोकरी कंत्राटीच राहिली, पण दर वेळी धाकटीच्या जिवावर कंत्राट पुढे सरकत गेलं. ताईला दुसऱ्या गावात मुख्याध्यापकाची जागा मिळत होती, ती तिने भावोजींच्या यंत्रापायी सोडली. "यंत्र काही सामानात घालून नेता येत नाही," असं म्हणाली आणि विषय बंद केला.

आणि आता बाहेरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेने कळवलं होतं की आम्हांला हे शिखर सापडत नाही. विभागप्रमुख बाईंनी भावोजींना बोलावून सांगितलं, सत्र संपायच्या आत ताज्या नमुन्यावर पुन्हा दाखवा. दाखवलंत तर यंदा कायमची जागा, मी स्वतः शब्द टाकते. नाही दाखवलंत तर लेख मागे घ्यावे लागतील आणि खोली दुसऱ्या गटाला जाईल. भावोजींना त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. आपल्याच घरातल्या माणसाला हाक मारायची, एवढंच तर होतं. त्यांनी हाक मारली आणि धाकटी आलीच नाही.

"तू बसवून दे ना," ताई म्हणाली. "तुझं रोजचंच काम आहे."

"फाइली पाठवायला सांग," मी म्हटलं.

फाइली आल्या. मी बाकीच्या तक्रारी बाजूला सारून बसले. माझी एक पद्धत आहे. आधी तळाची रेघ बघायची. शिखरं ज्या जमिनीवर उभी असतात ती जमीन सपाट आहे की उतरती, हे न बघता लोक थेट शिखरांना हात घालतात आणि तोंडावर आपटतात. भावोजींच्या जुन्या फाइलींत जमीन बऱ्यापैकी सपाट होती. नव्यांमध्ये ती पोट सुटल्यासारखी फुगलेली होती. मी फुगवटा काढला. मग सुरुवातीचा अंदाज दिला, धाकटी इथे असेल, इतकी उंच असेल, आता तू शोध. सॉफ्टवेअर शोधायला लागलं आणि धाकटी घसरत घसरत थेट पलीकडच्या दरीत गेली. तिची जागा पक्की केली, तर ती पसरून अख्ख्या थोरलीएवढी रुंद झाली. रुंदी पक्की केली, तर उंचीच उलटी, जमिनीखाली. उंची शून्याच्या वर राहू दे अशी अट घातली तेव्हा कुठे वक्र बसला. पण शिखराची उंची एवढीशी आणि ती चुकीची असण्याची शंका तिच्या तिप्पट. याला माझ्या धंद्यात 'शिखर नाहीच' असं म्हणतात. अशा फाइली मी रोज परत पाठवते.

मग जुनी फाइल उघडली. एकदा बटण दाबलं, वक्र बसला. कसलीही अट न घालता. काय देखणी होती धाकटी! बारीक, सरळ, टोकदार. फारच बारीक. पदार्थाच्या आतून आलेलं शिखर जरा तरी पसरट असतं. हिची रुंदी यंत्र दाखवू शकेल तेवढी कमीत कमी होती. मी भावोजींना फोन करून हे विचारलं तर हसले. "म्हणून तर ती खास आहे गं! लेखात त्यावर एक अख्खा परिच्छेद आहे."

मला ते हसणं आवडलं नाही. मला त्यातलं काही कळलं होतं असं नाही, पण चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी टोचत राहिलं. मी रजा टाकली आणि ताईकडे गेले.

ताईच्या घरात शिरलं की आधी एक गोष्ट दिसते. ताई माणसांच्या मागून दिवे बंद करत फिरते. तुम्ही हात धुऊन वळता, तोवर दिवा गेलेला. वाचता वाचता पाणी प्यायला उठता, परत येता तर खोलीत अंधार. लहानपणापासूनची खोड. वडील म्हणायचे, ही सासरी गेली की त्यांची आंधळी कोशिंबीर सुरू होईल. तसंच झालं होतं. भावोजी तर आता अंधारातच जिना चढतात.

संध्याकाळी ते आले. खांदे उतरलेले, शर्टाचं एक बटण लोंबकळतंय. ताईने पर्समधून सुईदोरा काढला आणि ते उभे असतानाच बटण शिवायला घेतलं. ती पर्समध्ये कायम सुईदोरा ठेवते, शाळेत पोरांची बटणं तुटतात म्हणून.

"काय मेहुणीबाई, तुमच्या नावाची पोरगी पळून गेली की हो," भावोजी म्हणाले. चेष्टा नेहमीचीच होती, पण डोळे हसत नव्हते.

"सापडेल हो," ताई दोरा तोडत म्हणाली. "ही आलीये ना आता."

रात्री भांडी पुसताना ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. "मला त्या कायमच्या जागेचं एवढं नाही गं. नाही मिळाली तर माझा पगार आहे. पण हे मोडतील. बाकी काहीच केलं नाही यांनी आयुष्यात. मित्र नाहीत, छंद नाही. ते एक टोक आहे, बस." मग ताट हातातच ठेवून थांबली. "काहीतरी कर. थोडं इकडेतिकडे करून बसत असेल तरी बसव."

"ताई, ते असं करायचं नसतं."

"मला काय माहीत काय करायचं असतं," ती म्हणाली, आणि माझ्या मागचा दिवा बंद केला.

मला तिचा राग आला. खरं तर राग याचा आला की ती सांगत होती ते मला करता आलं असतं. जागा पक्की करा, रुंदी पक्की करा, शंकेचा आकडा लपवा, आणि कुणालाही दाखवण्यासारखं चित्र तयार. मी अंथरुणावर पडून तेच मनात करून बघितलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी मी भावोजींबरोबर प्रयोगशाळेत गेले. ताईला शाळेत अर्धाच दिवस होता, ती दुपारी डबा घेऊन येणार होती. लांबलचक जिना, वार्निशाचा वास, दारावर 'लेझर चालू आहे'ची पाटी. खोली नव्यासारखी दिसत होती. मधोमध जड टेबल, त्यावर यंत्र, आणि यंत्रावर काळ्या जाड कापडाची झूल.

"हे कापड ओळखलंस?" भावोजींनी विचारलं. "तुझ्या ताईने शिवलंय, लग्न झाल्या झाल्या. नमुना तापवायची चकती आत ठेवली की तिच्या तारा बाहेर येतात, झाकण बसत नाही. मग झाकणाऐवजी ही झूल. ही बघ, तारांसाठी फट. काठाला गोट घातलाय, बाहीला घालतात तसा."

खरंच सुबक काम होतं. मी फटीच्या काठावरून बोट फिरवलं. तारा त्यातून सैलसर जात होत्या.

भावोजींनी मला सगळं करून दाखवलं. नमुना ठेवला, झूल घातली, मोजणी लावली. रेघ उमटली. थोरली आली, जमीन फुगलेली, धाकटीच्या जागी नुसती खरखर. तेच जे मी माझ्या टेबलावर शंभर अटी घालून बघितलं होतं. मी विचारलं, लेझर बदललाय का? नाही. नमुना? तोच जुना घातला तरी तेच. यंत्र हलवलं? खोलीचं काम निघालं तेव्हा फक्त टेबलासकट सरकवलं होतं, नंतर सगळं जुळवून घेतलं.

"कसलं काम?"

"अगं, बघ ना कशी झालीये खोली! रंग दिला, फरशी घासली, छतावरचे दिवे बदलले. पूर्वी इथे बरोबर डोक्यावर एक जुनी ट्यूब होती. संध्याकाळपर्यंत डोकं धरायचं. आता हा उजेड कसा शांत आहे."

मी वर बघितलं. छतात नवे, पांढरे, चौकोनी दिवे होते. त्यांच्या मध्ये, बरोबर यंत्राच्या वर, जुन्या ट्यूबच्या पट्टीची भोकं पुट्टीने भरून रंगवलेली दिसत होती. मग मी खाली झुलीच्या फटीकडे बघितलं.

ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. पाऱ्याचा उजेड म्हणजे काही ठरावीक रंगांच्या बारीक, सरळ रेषा. त्यांतली हिरवी रेष सगळ्यात ठसठशीत. फटीतून ती यंत्रात शिरत असणार, आणि भावोजींच्या लेझरच्या हिशेबाने ती थोरलीच्या उतारावरच पडत असणार. हे सगळं मला एका क्षणात सुचलं, आणि ते सुचायला नको होतं असंही त्याच क्षणी वाटलं.

"भावोजी," मी म्हटलं, "नमुन्याशिवाय मोजलं होतंत ना कधी? नुसती रिकामी काच ठेवून? धाकटी काचेतून येत नाही ना, हे बघायला?"

"म्हणजे काय! पहिल्याच वर्षी. नव्हती काचेत."

"आणि तेव्हा झूल घातली होती की झाकण?"

"झाकण. रिकाम्या काचेला कशाला तापवायचं? चकती नव्हती, तारा नव्हत्या, झाकण नीट बसत..."

ते बोलता बोलता थांबले. भावोजी मूर्ख नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून छताकडे.

"पार्श्वभूमी वजा करतो ना आपण," ते म्हणाले. "पण ती मोजताना यंत्राची आतली झडप बंद असते. बाहेरचा उजेड आत येतच नाही तेव्हा." ते मला सांगत नव्हते. "दुसऱ्या रंगाचा लेझर असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं. खरी शिखरं जागेवर राहतात, ही जागा सोडून पळाली असती. विभागाकडे एकच लेझर."

"माझी चूकही असू शकते," मी म्हटलं.

"तापवल्यावर हलत नाही," भावोजी म्हणाले. "कशी हलेल? छताला कोण तापवतंय?"

आणि ते हसले. मला वाटलं त्यांनी ओरडावं, माझ्यावर चिडावं, तुला काय अक्कल आहे म्हणावं. मी भांडायला तयार होते, भांडण मला जमतं. पण ते उठले, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि बाहेर गेले. परत आले ते एक जुनी पट्टी घेऊन. अडगळीच्या खोलीत काढून टाकलेल्या सगळ्या पट्ट्या अजून रचून ठेवल्या होत्या म्हणे. ट्यूब, चोक, स्टार्टर, सगळं धुळीने माखलेलं. त्यांनी ती पुसली. नमुना तापवताना वापरायची जास्तीची वायर तिला जोडली, टोकं नीट गुंडाळली, आणि पट्टी कपाटावर उभी करून ठेवली, यंत्राकडे तोंड करून. प्लग दाराजवळच्या बटणाखाली लावला.

"राहू द्या ना भावोजी," मी म्हटलं. "कळलंय आपल्याला."

"कळलंय असं वाटतंय. मोजलेलं नाही अजून," ते म्हणाले.

त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, नवे दिवे बंद केले. यंत्र सतत मोजत राहील असं लावलं, म्हणजे दर काही क्षणांनी पडद्यावरची रेघ ताजी होत राहते. अंधारात थोरली एकटीच उभी होती. जमिनीचा फुगवटा गेला होता, तो नव्या दिव्यांचा होता. भावोजींनी ट्यूबचं बटण दाबलं. ती दोनतीनदा फडफडली, कण्हल्यासारखी गुणगुणली आणि लागली.

पुढच्या रेघेला धाकटी आली.

थोरलीच्या खांद्यावर, बारीक, सरळ, टोकदार. जशी त्यांच्या लेखात छापलेली होती तशीच. भावोजी खुर्चीत बसले आणि वक्र बसवायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. एकही अट नाही, एकही तक्रार नाही, उरलेला फरक जवळजवळ काहीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत आलं, 'वक्र बसला.' आमच्या कंपनीत ही हिरवी अक्षरं मीच निवडली होती, लोकांना बरं वाटावं म्हणून.

"काय सुंदर बसलाय गं," भावोजी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी कामाचं बोलावं तसं बोलले, की प्रमुख बाईंना ते स्वतः सांगतील, आजच. लेख मागे घेतल्याचं स्वतःच लिहितील. "फक्त ताईला तू काही बोलू नकोस. तिला मी सांगतो. जेवण झालं की सांगतो. उपाशीपोटी नको."

मी मान हलवली. धाकटी या नावाचा मला कधी राग यायचा हे मला आता खरं वाटेना. ती पडद्यावर होती तोवर आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. यंत्र बंद करावं हे दोघांनाही सुचलं नाही, तेवढंच चुकलं.

दार उघडलं. ताई लवकर आली होती. एका हातात डबा, एका खांद्यावर पर्स, चढून आल्यामुळे धापा टाकत. तिने आमच्याकडे बघितलं नाही. तिची नजर सरळ पडद्यावर गेली. भूगोलाची बाई ती, डोंगर ओळखतेच. आणि हा डोंगर तर तिच्या घरातला.

"आली!" ताई म्हणाली. "अहो, आली ना? हीच ना धाकटी?"

भावोजी उभे राहिले.

"मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं, ही आली की सापडेल म्हणून?" तिने डबा टेबलावर ठेवला, माझा गालगुच्चा घेतला, तिचे डोळे भरून वाहायला लागले. "किती दिवस नुसता जीव टांगणीला. आता जेवा दोघं नीट. आणि काय हो, एवढे चांगले नवे दिवे दिलेत त्यांनी, आणि हे जुनं धूड कशाला जाळत बसलाय?"

असं म्हणत पदराने डोळे पुसत ती दाराजवळच्या बटणांकडे वळली आणि तिने ट्यूब बंद केली.

मी "ताई" म्हणाले असेन किंवा नसेन. पडद्यावरची रेघ ताजी झाली. थोरली होती. तिचा खांदा रिकामा होता.

ताईचा हात बटणावरच राहिला. "हे काय झालं?" तिने विचारलं. तिने बटण पुन्हा दाबलं. ट्यूब फडफडून लागली, धाकटी उभी राहिली. तिने बंद केलं. धाकटी गेली. पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. आयुष्यभर ती दिवे बंद करत आली होती, दिवा बंद केल्यावर काय जातं हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"इथे पूर्वी ट्यूब होती," ती हळूच म्हणाली.

"हो," भावोजी म्हणाले.

ती अंधुक उजेडात यंत्राजवळ गेली. झुलीवरून तिने हात फिरवला, तारा बाहेर येत होत्या तिथे थांबली, आणि फटीत बोटं घालून बघितली. चारही बोटं आरामात गेली.

"फट मोठी राहिली का हो माझ्याकडून?"

"नाही गं. मीच मोठी ठेव म्हटलं होतं. तारा अडकत होत्या."

"मला कळायला हवं होतं. एवढी कुठे लागते तारांना?"

"तुझा काही संबंध नाही यात. ऐक ना माझं. बस इथे."

तिने ऐकलं नाही. तारा एकेक करून सोडवल्या, झूल यंत्रावरून ओढून काढली, झटकली, आणि स्टुलावर बसून मांडीवर घेतली. पर्समधून सुईदोरा काढला. काळा दोरा नव्हता, पोरांच्या शर्टाचा पांढराच होता. भावोजी तिच्या शेजारी उभे होते. त्यांचा हात तिच्या खांद्याच्या वर थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला. आता शिवून काही उपयोग नाही, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं.

तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई डोळ्यांजवळ नेली. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं.

"दिवा लाव गं जरा," ताई म्हणाली. "नेढं दिसत नाहीये."

मी भिंतीशी उभी होते. हाताला जे पहिलं बटण लागलं ते दाबलं, आणि ते ट्यूबचं निघालं. ती फडफडली, गुणगुणली, लागली. ताईने दोरा ओवला आणि खाली मान घालून पहिला टाका घातला. तिच्या पाठीमागे पडद्यावर धाकटी उभी राहिली. झूल नसल्यामुळे आता ती थोरलीपेक्षाही उंच झाली होती.